दुसरी कॅसेट

पाटणच्या एसटी स्टँडवर कुणालाही धरून विचारा, दलेर मेहंदीचं एक गाणं सांग. पन्नाशीचा गडी असेल तर 'बोलो तारा रारा' म्हणेल. कॉलेजातलं पोरगं असेल तर 'तुनक तुनक तुन' म्हणेल आणि वर दोन्ही हात उचलून त्यातला नाचही करून दाखवील. 'डरदी रब रब' कुणाच्याही तोंडी यायचं नाही. मला याचं नवल वाटत आलंय. कारण १९९६ नंतरची दोन-तीन वर्षं कोयनेच्या खोऱ्यात झिजेपर्यंत वाजली ती हीच कॅसेट. वरातीत हीच, गणपतीत हीच, येरडच्या येडोबाच्या यात्रेत पाळण्याशेजारी हीच, झेरॉक्सच्या दुकानात दिवसभर हीच. आणि एवढी वाजलेली चीज माणसं साफ विसरून गेली.

पहिली 'बोलो तारा रारा' १९९५ ची. मुंबईच्या मॅग्नासाउंड कंपनीने काढलेली, संगीत जवाहर वट्टल यांचं. दलेर जन्मला पाटण्यात, बिहारमधल्या. लहानपणीच गाणं शिकायला म्हणून घरातून निघाला आणि गोरखपूरला उस्ताद राहत अली खाँसाहेबांकडे राहिला. म्हणजे पाया शास्त्रीय गाण्याचा. मात्र पोटापाण्याला आला भांगडा. १९९६ ला 'डरदी रब रब' आली. तिच्या मुख्य गाण्याची चाल धाकट्या भावाची, मिकाची, असं सांगतात. हा मिका तेव्हा भावाच्या ताफ्यात गिटार वाजवायचा, त्याला कोण ओळखत होतं! ९७ ला तिसरी कॅसेट आली. त्याच साली 'मृत्युदाता'त खुद्द अमिताभ दलेरबरोबर नाचला. सिनेमा पडला, गाणं चाललं. ९८ ला 'तुनक तुनक'. चार वर्षांत चार कॅसेटी, आणि चारही गाजल्या.

तेव्हा या प्रकाराला पॉप म्हणतात हे आम्हाला केबलवाल्याने शिकवलं. त्याआधी गाणी दोनच जातींची असायची, सिनेमाची आणि सिनेमातली नसलेली. दुसऱ्या जातीत भजनं, भीमगीतं, कोळीगीतं, शिंदे मंडळींची लोकगीतं सगळी आली. नाझिया हसनची 'डिस्को दीवाने' १९८१ ची, पण ती आमच्याकडे गॅदरिंगच्या निमित्ताने फार उशिरा पोचली. बाबा सेहगल बरा पोचला. चॅनल व्ही १९९४ ला आणि एमटीव्ही १९९६ ला हिंदुस्थानात नीट बस्तान बसवून बसले, तेव्हा पाटणात ज्यांच्या घरी केबल होती ती घरं बोटांवर मोजावीत एवढीच. तिथे संध्याकाळी खिडकीबाहेर गर्दी व्हायची. घरमालकाची आई मग पडदा ओढून घ्यायची.

दलेर आमच्याकडे टीव्हीवरून आलाच नाही मुळी. तो ट्रकमधून आला.

कराड-चिपळूण रस्ता पाटणमधून जातो. पुढे हेळवाक, मग कुंभार्ली घाट, खाली कोकण. त्या वर्षांत कोकण रेल्वेचं काम शेवटाला आलेलं, इकडे कोयनेच्या चौथ्या टप्प्याचं काम चालू. सिमेंट, लोखंड, मशिनरी, सगळं याच वाटेने. घाट चढायच्या-उतरायच्या आधी ड्रायव्हर लोक गावाबाहेरच्या हॉटेलांपाशी गाडी लावत. चहा होईस्तोवर क्लीनर काच पुसायचा आणि केबिनमधला डेक चालूच राहायचा. त्या डेकवर लता, रफी, कुमार सानू, आणि मधूनच एक उंच, फाटेल फाटेल वाटणारा आणि न फाटणारा आवाज. शाळा सुटली की आम्ही पोरं तिथे रेंगाळायचो. एकदा एका सरदारजी ड्रायव्हरला आम्ही विचारलं, हे काय म्हणतोय? त्याने दोन वाक्यांत हिंदीत सांगितलं, आम्हाला त्यातलं अर्धं कळलं, आणि पुन्हा कुणीच विचारलं नाही. शब्दांवाचून आमचं काहीही अडत नव्हतं.

याचं कारण मला पुढे उमगलं. आमच्या मुलखात ताल आधी पायात शिरतो. हलगी, घुमकं, लेझीम, धनगरांचं गजीनृत्य यांवर वाढलेल्या माणसाला भांगड्याचा ठेका परका वाटायचं कारणच नव्हतं. लेझमीच्या पवित्र्यावर 'डरदी' बेमालूम बसायचं. मी पाहिलंय, लेझीम धरलेली पन्नास पोरं आणि मागे हातगाडीवरच्या कर्ण्यातून दलेर. एकाचंही पाऊल चुकत नव्हतं. दूर बसलेल्या कुठल्या संगीतकाराने पाटणच्या लेझमीचा विचार केला असेल अशातला भाग नाही. पण बसलं ते बसलं.

पहिली कॅसेट आम्ही कुणीच विकत घेतली नव्हती, ती भरून घेतली होती. आजच्या पोरांना हे सांगावं लागेल. स्टँडसमोरच्या गाळ्यात एक कॅसेटवाला होता. काउंटरमागे डबल डेक, भिंतीला कॅसेटींच्या रांगा, आणि काचेला चिकटवलेला कागद: 'गाणी भरून मिळतील'. आपण कोरी कॅसेट न्यायची किंवा घरची जुनी न्यायची, गाण्यांची यादी द्यायची, दोन दिवसांनी जायचं. माझी 'बोलो तारा रारा' मी घरच्या हरिपाठाच्या कॅसेटवर भरून आणली. आजीला पत्ता लागू नये म्हणून वरचं कव्हर तेच ठेवलं. दलेरची गाणी संपली तरी फीत शिल्लक होती. त्यामुळे शेवटचा भांगडा संपून खर्रर्र झालं की एकदम टाळ-मृदंग आणि अर्ध्यातून सुरू झालेला अभंग. आजीने एका एकादशीला नेमकी तीच लावली. ती पूर्ण ऐकून म्हणाली, "शेवटाला देवाचं नाव घेतलं त्यानं, बरं झालं."

पण दुसरी आम्ही विकत घेतली, कोरी करकरीत, सेलोफेनमध्ये गुंडाळलेली. पहिली कॅसेट कुणी तरी आधी ऐकलेली असते, गाजलेली असते, आपल्यापर्यंत येता येता तिची पारख झालेली असते. दुसरीच्या वेळी तसं नसतं. कॅसेटवाला नुसता म्हणाला, "दलेरची नवी येतीया, पंध्रा दिसात. पैसं ठिवून जा." न ऐकता पैसे ठेवायचे! पन्नासच्या आसपासची रक्कम होती, आणि आमच्यातल्या कुणाच्याही खिशात तेवढी एकरकमी कधी नसायची. मग वर्गणी. एकाने भंगारात बाटल्या घातल्या, एकाने मुंबईहून आलेल्या चुलत्याच्या पाया दोनदा पडून दोनदा पैसे घेतले. चुलता माथाडी कामगार, तुर्भ्याच्या बाजार समितीत ओझं उचलणारा. यात्रेला गावी आला की मोकळ्या हाताचा.

पाटण तालुक्यातली निम्मी घरं त्या काळी मुंबईच्या मनीऑर्डरीवर चालायची म्हटलं तर फार चूक होणार नाही. माथाडींचे पुढारी अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळ कोळ्याचे. मशीद बंदर, दाणाबंदर, नंतर तुर्भे. वाडी-वाडीचा माणूस तिकडे. चैत्रात यात्रेला आणि भाद्रपदात गौरी-गणपतीला ही माणसं यायची ती मनीष मार्केटातून घेतलेला टेप खांद्यावर घेऊन. कुणाचा टेप मोठा यावर वाडीतलं वजन ठरायचं. मुंबईत कुठलं गाणं चालू आहे हे आम्हाला त्यांच्याकडून कळायचं, आणि ते सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे तेज असायचं ते मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. रोज पाठीवर पोती वाहणारा माणूस वर्षातून दहा दिवस गावाला नवं काही तरी ऐकवणारा असायचा.

तर अशी आमच्या मंडळाची 'डरदी रब रब' आली. पहिला प्रयोग आमच्याच घरी, कारण आमच्याकडे नवा डेक आणि दोन मोठे स्पीकर. बटण दाबलं, ढोल सुरू झाला, आणि स्वयंपाकघरातल्या मांडणीवरची भांडी थरथरली. आजी चुलीपुढनं उठली ती थेट अंगणात. पाठोपाठ शेजारची म्हातारी तिच्या अंगणात. भांडी वाजली की बाहेर पळायचं, हे त्या पिढीच्या हाडीमाशी भिनलेलं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या भूकंपाने या दोघींची घरं खाली बसवली होती आणि त्यानंतरही बारके धक्के थांबलेच नव्हते. आत हसतोय आम्ही, बाहेर या दोघी आभाळाकडे बघत उभ्या. मग शेजारीण म्हणाली, "धक्का हाय का गानं हाय गं ह्ये?" त्या दिवसापासून आमच्याकडे डेकचा आवाज वाढवायच्या आधी आत जाऊन सांगून येण्याचा नियम झाला. तो पाळला कुणी नाही, ते सोडा.

दुसरी कॅसेट चांगली होती का? आज शांतपणे ऐकलं तर ती पहिलीसारखीच होती, फक्त जास्त घासूनपुसून केलेली. तोच उंच स्वर, तोच ठेका, गाण्यांची तीच बांधणी. नवं काही करायच्या फंदात दलेर पडला नाही, आणि लोकांना तेच हवं होतं. जगभर गायकांना दुसऱ्या अल्बमची धास्ती असते म्हणतात. पहिल्यात आयुष्यभराची शिदोरी ओतून झालेली असते, दुसऱ्याला हाताशी जेमतेम एखाद-दोन वर्षं. कुणी त्यात उसळी मारतं. निर्वाणा या बँडचा 'नेव्हरमाइंड' दुसराच होता, १९९१ चा. ब्रिटनी स्पिअर्सचा दुसरा २००० ला आला आणि अमेरिकेत पहिल्याच आठवड्यात तेरा लाखांवर खपला, तोही पहिल्याचाच साचा वापरून. दलेर या दुसऱ्या जातीतला. मागच्या हंगामाचं बियाणं पेरलं, पीक तेच आलं, फक्त जास्त आलं.

बँजोवाल्यांचं मात्र यात कल्याण झालं. आमच्याकडे वरातीला बँजो पार्टी असते. एक बँजो, एक-दोन ढोलक्या, पॅड, खुळखुळे, आणि सगळ्यांना पुरून उरेल असा कर्णा. मी एका बँजोवाल्याला 'डरदी' बसवताना पाहिलंय. मांडीवर बँजो, शेजारी टेप. दोन ओळी ऐकायच्या, पॉज दाबायचा, सूर शोधायचा, मागे घ्यायचं, पुन्हा ऐकायचं. मागे घेताना फीत चिर्रचिर्र ओरडायची आणि तो त्या ओरडण्यावरूनच नेमकं किती मागे गेलं हे ओळखायचा. दुपारभरात गाणं उभं राहिलं. संध्याकाळच्या वरातीत त्याने ते पहिल्यांदा वाजवलं तेव्हा नवरदेवाचे मामा, ज्यांनी आयुष्यात 'झुलवा' सोडून कशावर पाय उचलला नव्हता, ते फेटा सोडून नाचले. बिदागी दुप्पट. त्या हंगामात त्याने दुसरं काही वाजवलंच नसेल. पहिल्या कॅसेटमधली गाणी बसवायला तेवढा वेळ कुणी घेतला नव्हता, ती गाजतायत की नाही याचाच तोवर अदमास नव्हता. दुसरीच्या वेळी सगळे आधीच तयार होते. कॅसेटवाला, बँजोवाला, मंडळाचा खजिनदार, सगळे.

त्याच सुमाराला, १९९८ ला, लकी अलीची दुसरी कॅसेट आली, 'सिफर'. त्याची पहिली 'सुनो' १९९६ ची, 'ओ सनम'वाली, पिरॅमिडसमोर गाणारी. 'सिफर' आमच्या गावात फार जणांनी घेतली नाही. कोयनानगरच्या वसाहतीतल्या इंजिनिअरांच्या मुलांकडे ती होती आणि त्यांच्याकडून माझ्याकडे आली. तिच्यावर नाचता येत नव्हतं, वरातीत लावता येत नव्हती. ती रात्री उशाशी टेप ठेवून, आवाज बारीक करून ऐकायची. आज मला 'सिफर'मधली गाणी क्रमाने आठवतात. 'डरदी'ची दुसरी बाजू, साइड बी, तिच्यावर काय होतं ते डोकं फोडलं तरी आठवत नाही. आणि 'डरदी' मी 'सिफर'च्या दसपट ऐकली असेन. पन्नास जणांत ऐकलेलं गाणं कुणा एकाचं राहत नाही म्हणून असेल. किंवा साइड बी आम्ही कधी लावलीच नसेल. दुसरी शक्यता जास्त.

आता सगळंच पालटलंय, आणि सगळंच वाईट झालंय असं मी म्हणणार नाही. कराड-चिपळूण रस्ता आता गुहागर-विजापूर महामार्ग झालाय, ट्रक थांबत नाहीत, ती हॉटेलं बंद पडली. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या फिरतात. सडावाघापूरचा उलटा धबधबा बघायला पावसाळ्यात शनिवार-रविवारी एवढ्या गाड्या येतात की गावातल्याला वर जायला वाट मिळत नाही. प्रत्येक गाडीतून वेगळं गाणं. संजू राठोडचं 'गुलाबी साडी' २०२४ ला आलं तेव्हा मुंबईत, पाटणात आणि वाडीवरच्या शेवटच्या घरात ते एकाच दिवशी वाजत होतं. मुंबईहून आलेल्या माणसाकडे सांगायला आता काही उरलं नाही. तो येतो, त्याच्या हातात ब्लूटूथचा डबा असतो, पण त्यातलं गाणं वाडीतल्या पोराने आधीच रीलवर नाचून टाकलेलं असतं. मला सगळ्यात जास्त वाईट या गोष्टीचं वाटतं, कॅसेटचं नव्हे.

'गुलाबी साडी' कुठल्या अल्बममधलं, असं कुणी विचारत नाही, कारण ते कुठल्या अल्बममधलं नाहीच. गाणं सुटं येतं, सुटं गाजतं. पहिलं, दुसरं, तिसरं अशी मोजदाद ठेवायला कुणाकडे सवड नाही. कलाकाराच्या बाजूने पाहिलं तर हे बरंच आहे. जळगावकडच्या पोराला मुंबईच्या कंपनीच्या दारात उभं राहावं लागत नाही, फोनवरून थेट जगात. मॅग्नासाउंडसारख्या कंपन्या बुडाल्या त्याही काही आमच्या विसरण्याने नव्हे. आधी डुप्लिकेट कॅसेटींनी, मग एमपीथ्रीच्या सीडींनी त्यांचा घास घेतला. एका सीडीत शंभर गाणी, तीस रुपये. त्या सीडी स्टँडवर आम्हीच घेत होतो, तेव्हा तक्रार कशाला.

दलेर स्वतः मात्र टिकला. 'रंग दे बसंती', 'दंगल', हिंदी 'बाहुबली'तलं ते गगनभेदी गाणं, सगळीकडे तोच आवाज, तसाच न फाटणारा. पुण्यात कंपनीत असलेला माझा भाचा त्याला ओळखतो ते 'तुनक तुनक'मुळे, आणि 'तुनक तुनक' ओळखतो ते कॉम्प्युटरच्या एका गेममुळे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये म्हणे एक निळा राक्षस हुबेहूब तो नाच करतो. मी त्याला म्हटलं, अरे, त्याआधी दलेरच्या तीन कॅसेटी होत्या. तो म्हणाला, "मामा, लिंक पाठवा ना." पाठवली. त्याने ऐकली असावी, अंगठ्याचं चित्र आलं.

मागच्या चैत्रात गावी गेलो तेव्हा त्याच गाळ्यात डोकावलो. कॅसेटवाले आता सत्तरीला आलेत. गाळ्यात मोबाईलची कव्हरं, चार्जर, स्क्रीनगार्ड. मुलगा बसतो, हे मागे स्टुलावर. डॉल्बीवाल्यांना पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून द्यायचं काम अजून होतं तिथे, पूर्वीच्या कागदाचीच नवी आवृत्ती काचेवर होती. मी म्हटलं, "तात्या, दलेरची 'डरदी' आहे का हो एखादी? कोरी?"

तात्या हसले. "ती कुठली ऱ्हातीया! खोकी आली का दुपारपतुर संपायची. माझ्या घरी सुदिक एक ठिवली न्हाई मी." मग ते उठले, माळ्यावरून पुठ्ठ्याचा एक डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आत चाळीसेक कॅसेटी, सेलोफेनसुद्धा न फोडलेल्या. दलेरचं पाहून पुढच्या दोन-चार वर्षांत जे जे पगडी बांधून आणि चष्मा लावून उभे राहिले होते, त्या सगळ्यांच्या. एकाचंही नाव मला ओळखीचं वाटलं नाही.

"ह्या न्या," तात्या म्हणाले. "चारशे द्या समद्यांचं."

"वाजवायचं कशावर?"

"ते तुमी बघा. तीनशे द्या."

मी दीडशे म्हणालो. तात्यांचा मुलगा मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाला, "बाबा, देऊन टाका, डबा हाय मला लागणार."